किल्लीच्या पोटातला आकडा

मध्यंतरी आमच्या आत्याने फोनवर एक प्रश्न विचारला. "कपाटाची किल्ली कोपऱ्यावरचा माणूस पाच मिनिटांत घासून देतो. मग गाडीच्या एका किल्लीला काही हजार रुपये कशाला? सोन्याची असते का रे ती?" उत्तर शोधायला बसलो आणि ते इतकं लांबत गेलं की फोनवर सांगण्यापेक्षा इथे लिहून काढलेलं बरं. घरातल्या बाकी मंडळींच्याही उपयोगी पडेल.

तर, सोन्याची नसते. पण हल्लीच्या किल्लीच्या पोटात एक आकडा असतो, आणि पैसे जातात ते त्या आकड्यापायी. तो तिथे कसा येऊन बसला याची गोष्ट शंभर वर्षांची आहे. ही गोष्ट यंत्राची आहेच, पण त्याहून जास्त ती 'चोर कुणाच्या दारात जाणार' याची आहे.

सुरुवातीच्या मोटारींना आजच्यासारखी किल्ली नव्हतीच. पुढे उभं राहून हँडल फिरवायचं, गाडी सुरू. चोरी करायची तर चोरालाही तेवढीच मेहनत. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि मालकाबरोबर चोराचेही कष्ट वाचले! फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांना पुढे स्विचची किल्ली आली, पण १९१९ नंतरच्या या किल्ल्यांचे प्रकार किती, तर फक्त २४. त्यांचे क्रमांक ५१ ते ७४, आणि कहर म्हणजे तो क्रमांक स्विचवरच कोरलेला. मॉडेल टी एकूण दीड कोटी बनल्या. चोवीस किल्ल्यांचा जुडगा खिशात असला की गावातली कुठलीही फोर्ड आपलीच. अर्थात त्या काळी ही किल्ली म्हणजे दाराची कडी होती, कुलूप नव्हे. किल्ली फिरवून इंजिन सुरू करायची आजची पद्धत क्रायस्लरने आणली ती १९४९ साली.

पुढचा टप्पा स्टिअरिंगच्या कुलपाचा. किल्ली काढली की चाक अडकतं, ते. या कुलपाच्या इतिहासात एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. पश्चिम जर्मनीने १९६३ साली हे कुलूप सगळ्याच गाड्यांना सक्तीचं केलं, नव्या आणि जुन्यासुद्धा. तिथल्या चोऱ्या चांगल्याच घटल्या. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ते आलं, पण फक्त नव्या गाड्यांना. काय झालं असेल? नव्या गाड्यांच्या चोऱ्या घटल्या आणि चोर जुन्या गाड्यांकडे वळले. ब्रिटिश गृहखात्याच्या अभ्यासकांनी १९७६ साली हे आकडेवारीने दाखवून दिलं. आता जुनी गाडी कोण चालवतं? ज्याला नवी परवडत नाही तो. म्हणजे नव्या गाडीवाल्याने कुलूप घेतलं आणि चोर गरिबाच्या दारी पाठवला. मुद्दाम नव्हे, पण झालं तसंच.

एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून चोरीविरोधी नियम लागू झाला. त्यात एका प्रकारच्या गाडीसाठी निदान १००० वेगवेगळ्या किल्ल्या हव्यात अशी अट होती. चोवीसवरून हजारावर आलो, पण तरीही हा सगळा पत्र्याच्या दातांचाच मामला. कुलूप फोडलं आणि दोन वायरी जोडल्या की काम भागायचं. आपल्याकडे या काळात लोकांनी आपापले उपाय काढले होते. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा, गिअर लॉक, आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे मेकॅनिकने डॅशबोर्डखाली कुठेतरी लपवलेलं बटण. कोटाला चोरखिसा असतो तसं हे चोरबटण. ते दाबल्याशिवाय गाडी सुरू व्हायची नाही. आमच्या काकांच्या पद्मिनीत असं एक होतं आणि ते कुठे आहे हे आम्हा सगळ्या भाचरांना ठाऊक होतं. त्या बटणाची कल्पना मात्र अगदी अस्सल होती. चोराला दार उघडू दे, आत बसू दे. इंजिनलाच कळलं पाहिजे की हा आपला माणूस नव्हे.

हीच कल्पना कारखान्यातून बसवून आणली जनरल मोटर्सने, १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीत. ही गाडी चोरांची फार आवडती होती. त्यांनी किल्लीच्या पात्यात एक छोटासा रेझिस्टर बसवला. किल्ली कुलपात घातली की गाडी तो किती ओहमचा आहे ते मोजायची. बरोबर असेल तरच स्टार्टर आणि पेट्रोल. चुकला तर तीन-चार मिनिटं गाडी कशालाच दाद द्यायची नाही. रेझिस्टरचे प्रकार होते १५. हसू नका, गणित करा. प्रत्येक चुकीला चार मिनिटं धरली तर पंधराही किल्ल्या वापरून बघायला तास लागतो. भर रस्त्यात दुसऱ्याच्या गाडीत तासभर किल्ल्या बदलत बसण्याइतका धीराचा चोर विरळाच. इथे कुलूप लोखंडाचं नव्हतं, वेळेचं होतं.

पण काही वर्षांतच दुसरी बाजू दिसू लागली. किल्लीवरचा संपर्काचा ठिपका झिजायचा, मळायचा. कुलपातून निघून स्टिअरिंगच्या दांड्यातून जाणाऱ्या बारीक तारा रोज वळून वळून तुटायच्या. मग खरी किल्ली हातात असलेला खरा मालक आपल्याच गाडीत बसून चार मिनिटं मोजायचा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच! वैतागून लोक तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर वायरीत कायमचा जोडून टाकायचे आणि ही सगळी यंत्रणा निकामी करून सुखाने गाडी चालवायचे.

खरा बदल झाला तो युरोपात. बर्लिनची भिंत १९८९ साली पडली, सरहद्दी खुल्या झाल्या, आणि जर्मनीतल्या महागड्या गाड्या रातोरात पूर्वेकडे जाऊ लागल्या. विमा कंपन्यांचं कंबरडं मोडायला लागलं तेव्हा त्यांनी कारखान्यांच्या मागे लकडा लावला. त्यातून किल्लीत ट्रान्सपॉन्डर नावाची चिप आली. हा शब्द दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. आकाशात दिसणारं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला रडारवाले रेडिओवरून साद घालायचे आणि आपल्या विमानातलं यंत्र आपोआप प्रतिसाद द्यायचं. तेच नातं आता गाडी आणि किल्ली यांच्यात जोडलं गेलं.

ती चालते कशी हे थोडक्यात सांगतो. कुलपाभोवती तारेची एक रिंग असते. किल्ली फिरवली की ती रिंग सुमारे १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. किल्लीतल्या चिपला सेल नसतो. त्या क्षेत्रातूनच ती क्षणभरापुरती वीज उचलते आणि बोलते. अगदी पहिल्या चिपा फक्त आपला आकडा सांगायच्या. पण जो आकडा मोठ्याने सांगितला जातो तो ऐकताही येतो. म्हणून पुढच्या चिपा हुशार झाल्या. किल्ल्याच्या दरवाज्यावरचा पहारेकरी रोज एकच परवलीचा शब्द विचारत असेल तर झाडामागे लपलेला हेर तो ऐकून दुसऱ्या दिवशी खुशाल आत जाईल. त्याऐवजी पहारेकऱ्याने दर वेळी नवं कोडं घातलं, आणि ते सोडवायची रीत फक्त आपल्या माणसालाच ठाऊक असली तर? गाडी नेमकं हेच करते. ती चिपला एक नवाच आकडा देते. चिप तो आपल्या पोटातल्या गुप्त आकड्याशी कालवून उत्तर परत पाठवते. गाडीही तेच गणित स्वतः करून पाहते. उत्तरं जुळली तर इंजिन चालू. गुप्त आकडा स्वतः कधी बाहेर पडतच नाही.

युरोपीय संघाने १९९५ साली निर्देश काढला आणि १९९८ पासून प्रत्येक नव्या गाडीत अशी यंत्रणा सक्तीची झाली. तिला इमोबिलायझर म्हणतात. अमेरिकेत सक्ती नव्हती, तरी बहुतेक कंपन्यांनी ती आपणहून बसवत नेली. परिणाम बघा. १९९१ साली अमेरिकेत सुमारे १६ लाख ६० हजार गाड्या चोरीला गेल्या. २०१४ साली सुमारे ६ लाख ९० हजार. एकट्या न्यूयॉर्क शहरात १९९० साली १ लाख ४७ हजार गेल्या होत्या. २०१३ साली साधारण ७,४००. याचं सगळं श्रेय चिपला देता येणार नाही, कारण त्या काळात तिथे इतर गुन्हेही कमी झाले. पण एक पुरावा बोलका आहे. इतक्या वर्षांनंतर, २०१४ सालीही चोरीच्या यादीत वर कोण होती, तर होंडाची अकॉर्ड, आणि त्यातही १९९७ पर्यंत बनलेली. चिप आली ती १९९८ च्या मॉडेलपासून. पुन्हा तेच, ब्रिटनच्या स्टिअरिंगसारखं. जुनी गाडी, साधा मालक.

आता आत्याच्या हजारांकडे येऊ. नवी किल्ली बनवायची म्हणजे दोन कामं. पातं कापणं हे सोपं. दुसरं काम म्हणजे नव्या चिपची गाडीशी ओळख करून देणं, ज्याला सगळे 'प्रोग्रॅमिंग' म्हणतात. गाडीच्या कॉम्प्युटरात ओळखीच्या किल्ल्यांची एक वही असते, तिच्यात नवं नाव चढवायचं. फोर्डच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मालकाला हे घरी करता यायचं. आधीच्या दोन किल्ल्या एकामागून एक फिरवायच्या आणि लगेच तिसरी. पूर्वी बँकेत खातं उघडायला जुन्या खातेदाराची सही लागायची ना, तसंच! पण ओळख द्यायला दोन किल्ल्या शिल्लक हव्यात. सगळ्याच हरवल्या तर कंपनीचं यंत्र लागतं, आणि त्यालाही काही गाड्या मुद्दाम दहा मिनिटं ताटकळत ठेवतात. फियाटने तर १९९० च्या दशकात एक लाल किल्ली दिली होती. रोज वापरायची नाही, फक्त नव्या किल्ल्यांची ओळख करून द्यायला. म्हणजे जी किल्ली कधीच वापरायची नाही ती वर्षानुवर्षं सांभाळायची. ती हरवली तर इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलायची पाळी यायची.

आमच्या भागात एक किल्लीवाले आहेत. वडिलांची छत्री आणि कानसपेटी होती, यांचं छोटं दुकान आणि लॅपटॉपसारखं एक यंत्र आहे. त्यांच्याकडे मी एक सबंध दुपार बसलो आणि पुस्तकात नसलेलं बरंच शिकलो. 'गाडी किल्लीला ओळखत नाही' म्हणून येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचा पहिला प्रश्न, "जुनं कव्हर कुठंय?" लोक किल्लीचं झिजलेलं प्लास्टिक बदलून नवं झकास कव्हर घेतात, आणि हिंगाच्या खड्याएवढी चिप जुन्या कव्हरात राहते. ते कव्हर कचऱ्यात. मग किल्ली दार उघडते, कुलपात फिरते, पण इंजिन क्षणभर गुरगुरून गप्प. दुसरा प्रश्न, "जुडग्यात आणखी कुठल्या गाडीची किल्ली आहे का?" दोन चिपा शेजारी आल्या की एकाच वेळी बोलतात आणि गाडीला कुणाचंच कळत नाही. तिसरं म्हणजे गाडीची बॅटरी उतरलेली असली की हा कॉम्प्युटरही गडबडतो. आणि रिमोटचा सेल संपला म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण दार उघडणारा रिमोट वेगळा आणि इंजिनाची चिप वेगळी. किल्ली कुलपात घालून फिरवा, गाडी सुरू होईल. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत राहिलं तर मात्र समजा की ओळखच पटलेली नाही. अशा वेळी पेट्रोलचा पंप बदलायला निघालेल्या मेकॅनिकला आधी हे चित्र दाखवा.

आता गोष्टीतला खलनायक. खरं तर दोन आहेत, एक चोर आणि दुसरी गुप्तता. ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या गृहस्थांनी १८८३ सालीच सांगून ठेवलं होतं की सांकेतिक लिपीची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित राहायला हवी ती फक्त किल्ली. चिप बनवणाऱ्यांनी उलट केलं. रीतच लपवून ठेवली आणि आकडे छोटे ठेवले. २००५ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळेच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपची रीत बाहेरून प्रश्न विचारून विचारून ओळखली. तिचा गुप्त आकडा ४० बिटांचा, म्हणजे शक्यता सुमारे १ लाख १० हजार कोटी. ऐकायला प्रचंड, पण त्यांनी १६ चिपांचं एक यंत्र जोडून पाच किल्ल्यांचे आकडे दोन तासांच्या आत शोधले आणि स्वतःचीच फोर्ड सुरू करून दाखवली. २०१२ साली ४८ बिटांच्या हायटॅग-२ चिपचं असंच झालं. मेगामॉस नावाच्या चिपवरचा शोधनिबंध तर २०१३ साली फोक्सवॅगनने इंग्लंडच्या न्यायालयातून थांबवला. तो २०१५ साली एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. मला हे सारखं खटकतं. भोक दाखवणाऱ्याला दोन वर्षं गप्प बसवलं, पण त्या दोन वर्षांत गाड्यांमधलं भोक तसंच होतं.

आणि चोर? चोराच्या वाटा चोराला ठाऊक. चिप फोडायची दगदग कशाला, किल्लीच उचलावी. ब्रिटनमध्ये गाडीच्या किल्लीसाठी घरफोड्या होऊ लागल्या. पत्रपेटीच्या फटीतून आकडा लावलेली काठी घालून दारामागच्या टेबलावरची किल्ली ओढायची! पूर्वी रस्त्यावरची गाडी जायची, आता चोर घरात येऊ लागला. पुढे खिशातूनच चालणारी किल्ली आली, तेव्हा घराबाहेर उभ्या दोघांनी आतल्या किल्लीचा आवाज गाडीपर्यंत पोचवायची युक्ती काढली. नोव्हेंबर २०१७ मध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी अशा चोरीचं चित्रण प्रसिद्ध केलं. मर्सिडीज मिनिटभरात गेली, काच फुटली नाही, भोंगा वाजला नाही.

तरी सगळ्यात वाईट वाटतं ते पुढच्या प्रकरणाचं, कारण तिथे चोराने काहीच नवं शोधलं नव्हतं. अमेरिकेत सक्ती नाही हे वर सांगितलंच. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत इमोबिलायझर होता. ह्युंदाई आणि किया यांच्या फक्त २६ टक्के. शेजारच्या कॅनडात २००७ पासून सक्ती होती, म्हणून तिथे याच कंपन्यांच्या गाड्यांत तो होता! २०२१ च्या सुमारास मिलवॉकी शहरातल्या पोरांना कळलं की यातल्या स्वस्त मॉडेलचं कुलूप काढलं की गाडी सुरू करता येते. २०२२ साली तशा चित्रफिती देशभर पसरल्या. त्याच ऑक्टोबरमध्ये बफेलो शहरात चोरलेल्या कियाला अपघात होऊन चार किशोरवयीन मुलं गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपन्यांनी सॉफ्टवेअर बदलून द्यायला सुरुवात केली, आणि सोबत मालकांना फुकट काय वाटलं? स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा! त्या वर्षी अमेरिकेतल्या चोऱ्या पुन्हा दहा लाखांवर गेल्या.

१९६३ आणि १९७१ आठवा. साठ वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट होती ही. कुलूप सगळ्यांना मिळालं तर चोरी घटते, आणि काहींनाच मिळालं तर ती फक्त घर बदलते. त्या किया घेणारे बहुतेक बेताच्या ऐपतीचे होते. त्यांनी स्वस्त मॉडेल घेतलं तेव्हा आपण चोराला आमंत्रण विकत घेतोय हे त्यांना कुणी सांगितलं होतं? सुरक्षितता ही सनरूफसारखी वरच्या मॉडेलची चैन असू नये, असं मला ठामपणे वाटतं. गल्लीतल्या एकाच घराचं दार उघडं असेल तर बाकीच्यांनी स्वतःला हुशार समजण्यात अर्थ नाही.

आणि सुरक्षिततेच्या नावाखाली मालकालाच बाहेर ठेवणं हेही बरोबर नाही. कॅलिफोर्नियाने २००६ साली एक चांगला कायदा केला. किल्ली हरवलेल्या मालकासाठी नोंदणीकृत किल्लीवाल्याला गाडीची माहिती कंपनीने दिवसरात्र केव्हाही द्यायची. शेवटी आकडा कंपनीने बनवला असला तरी गाडी मालकाची आहे. आपल्याकडे गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक आधीच हरवली असेल तर तेव्हा सांगून फार उपयोग होत नाही. म्हणून घरच्यांना माझी विनंती, दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच बघा, आणि किल्लीबरोबर आलेला क्रमांकाचा बिल्ला किंवा कार्ड गाडीत ठेवू नका.

त्या दुपारी किल्लीवाल्यांकडे एक तरुण आला होता. गाडी बाहेर उभी, हातात एकच किल्ली, दुसरी बनवून हवी. त्यांनी यंत्र काढायच्या आधी खणातून दोरी बांधलेली एक लांबट वही काढली, आरसी बुक आणि लायसन्स मागितलं, नाव-नंबर लिहिलं, सही घेतली. तरुण म्हणाला, "कागद घरी आहेत, मित्राची गाडी आहे, घाई आहे." ते म्हणाले, "मग मित्राला घेऊन या." तो निघून गेला. खरंच मित्राची असेल, कुणास ठाऊक. मी विचारलं, गिऱ्हाईक गेलं ना? ते चिमट्याने एका जुन्या कव्हरातली चिप सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "वडील साबणावरच्या छापाची किल्ली करून द्यायचे नाहीत. तेच चाललंय."